बारशाच्या सुमारास गुलाब फुलावेत, यासाठी छाटणी केव्हा करावी?

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर)
नमस्कार. निवृत्तीनंतर आम्हा दोघांची सकाळ सिरपूर तलावाच्या काठाने फिरण्यात जाते आणि परतल्यावर उन्हं चढेपर्यंत आम्ही बागेत असतो. या आठवड्यात लेक बाळंतपणासाठी माहेरी आली. दिवस ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरतील, म्हणजे बारसे नोव्हेंबरच्या मध्यावर येईल, आणि पाळणा घरच्याच गुलाबांनी सजवावा अशी आम्हा दोघांची फार इच्छा आहे. मात्र पावसाळ्यात झाडांची पाने पिवळी पडून गळली असून उरलेल्या पानांवर काळे ठिपके आहेत. माती माळव्याची काळीच आहे. छाटणी केव्हा करावी आणि मातीचे काय करावे?

उत्तर १ (रामबाग, इंदूर)
ताई, लेकीला आशीर्वाद. छाटणीपासून फुले यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. त्यामुळे दसऱ्याची वाट न पाहता, पाऊस उघडताच सप्टेंबरच्या उत्तरार्धात कात्री लावावी. बाळ आपल्या वेळेनेच येणार, म्हणून निम्मी झाडे आधी आणि निम्मी दहा-बारा दिवसांनी छाटावीत, म्हणजे बहर लांबेल. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या अंकुराच्या, किंचित वर, तिरका द्यावा. कलमाच्या जोडाखालून फुटलेले रानफुटवे मुळापासून काढावेत, नाहीतर सगळा जोर तेच खातात. काळे ठिपके हा बुरशीचा रोग आहे. गळलेली पाने वेचून जाळावीत किंवा कचरागाडीत द्यावीत, खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नयेत. मातीत थोडी वाळू मिसळली की निचरा सुधारेल.

उत्तर २ (मांजलपूर, वडोदरा)
छाटणीबद्दल पूर्ण सहमत आहे, वाळूबद्दल मात्र नाही. काळ्या मातीतली चिकण पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात थोडीशी वाळू घातल्यास ती विटेसारखी घट्ट बसते. पाने पिवळी पडण्यामागे बहुधा साचलेले पाणी हेच कारण आहे, कारण तुंबलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही. त्यासाठी वाफा वीतभर उंच करून त्यात पालापाचोळ्याचे कुजलेले खत भरपूर मिसळावे. शेणखत पूर्ण कुजलेलेच घ्यावे, कच्च्याने वाळवी लागते. सोबत झाडागणिक मूठभर निंबोळी पेंड द्यावी.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. ह्यांनी आजच वाफ्यांभोवती चर खणायला घेतले आहेत. वाळू आणणार नाही. लेकीला डॉक्टरांनी संध्याकाळी सावकाश चालायला सांगितले आहे. ती अंगणातच फेऱ्या घालते आणि आधी कोणती झाडे छाटायची, ते तिनेच ठरवले आहे. पहिला मान गावठी गुलाबी गुलाबाचा.

उत्तर १
ताई, एक राहिले. तो गावठी गुलाब कलमी नसेल, तर त्याचे खालचे फुटवे काढू नका. ते त्याचेच आहेत.