मदत हवी आहे: नी रिप्लेसमेंटमध्ये पाय एकदम सरळ करायचा की मूळचा बाक ठेवायचा?

नमस्कार मंडळी, आईचा उजवा गुडघा बदलायचाय. आतल्या बाजूची कूर्चा पार झिजलीय, ऑपरेशन लागणार यात वाद नाही. घोळ अलाइनमेंटचा (पाय कोणत्या कोनात बसवायचा याचा) आहे, दोन सर्जननी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात.

पहिले म्हणतात मेकॅनिकल करू. म्हणजे खुबा, गुडघा, घोटा यांचे मध्य एका रेषेत आणायचे, मांडीचं आणि नडगीचं हाड त्या रेषेला काटकोनात कापायचं आणि आतले लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारे पट्टे) ताणलेले राहिले तर सैल करायचे. जुनी पद्धत, इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) टिकतं म्हणे. दुसरे कायनेमॅटिकवाले, सांधा झिजायच्या आधी होता तसाच परत बसवायचा, कूर्चा गेलीय तिथे तिचे साधारण २ मिमी हिशोबात धरून तेवढं हाड कमी कापायचं आणि लिगामेंटना शक्यतो हात लावायचा नाही.

मी वाचत बसले तर कळलं की चांगल्या गुडघ्यातही सांधा काटकोनात नसतोच, नडगीचा वरचा भाग सरासरी ३ अंश आतल्या बाजूला कललेला असतो. बेलेमन्स वगैरेंच्या २०१२ च्या अभ्यासात तर गुडघ्याचा काही त्रास नसलेल्या तरुण मंडळींपैकी ३२ टक्के पुरुष आणि १७ टक्के बायकांच्या पायाला ३ अंश किंवा जास्त बाक निघाला. आईचे पाय लग्नाच्या फोटोतही बाकदारच दिसतात (साडी असूनही!), मग तिचा पाय सरळ केला तर तिला तो परकाच वाटणार ना? पण बाक ठेवला आणि आतल्या बाजूवर जास्त भार येऊन इम्प्लांटचा नडगीवर बसवलेला भाग लवकर ढिला झाला तर?

आजचा बाक मूळचा किती आणि झिजेमुळे किती, हे कशावरून काढतात? आमच्याकडे फक्त गुडघ्याचा उभ्याने काढलेला एक्स-रे आहे, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा स्कॅनोग्राम कोणी सांगितलाच नाही, तो मागून घेऊ का? रिस्ट्रिक्टेड कायनेमॅटिक म्हणून मधला मार्ग आहे, बाक ठेवायचा पण ठरलेल्या मर्यादेत, तो कोणी करून घेतलाय का? आणि प्लीज "रोबोटिक करा" एवढंच सांगू नका, रोबोट ठरलेल्या प्लॅननुसार अचूक कापायला मदत करतो, कोन किती ठेवायचा ते सर्जनच ठरवतो.

इथे कोणी ऑर्थो किंवा फिजिओ असेल तर दुसऱ्या सर्जनना नेमकं काय विचारू तेवढं सांगा, परत भेटायचंय त्यांना.