वाद्यवृंदासाठी रिव्हर्ब-डिले: रॅक युनिट घेऊ की लॅपटॉपवर प्लगइन? (बजेट ३० हजार)

पट्टी_काळी_दोन
जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचा वाद्यवृंद आहे. गायक दोन, गायिका एक, निवेदक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, तबला-ढोलक, गिटार, बासरी. मिक्सर १६ चॅनेलचा ॲनालॉग. ऑक्स (मिक्सरमधून आवाज वेगळा बाहेर पाठवायच्या वाटा) १-२ मॉनिटरला, म्हणजे गायकांच्या स्पीकरला जातात, ऑक्स ४ आतल्या एफएक्सला (इफेक्टला), ऑक्स ३ मोकळा. आतला एफएक्स एका वेळी एकच प्रोग्राम देतो, म्हणजे हॉल (सभागृहासारखी घुमारी देणारा रिव्हर्ब) लावला की डिले (मागून येणारा प्रतिध्वनी) गेला. मला दोन्ही एकदम हवेत, आणि डिले गाण्याच्या लयीत हवा. लॅपटॉप आहे (आय५, १६ जीबी), ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला आवाज आत-बाहेर जोडणारा डबा) नाही. बजेट ३० हजार. कृपया नवीन मिक्सर सुचवू नका.

सबवूफर_सम्राट
बेहरिंगरचा एक्सआर१८ डिजिटल मिक्सर घ्या, विषय संपला. चार एफएक्स एकदम चालतात, सीन सेव्ह होतात, मिक्सिंग टॅबवरून. फक्त त्याचं आतलं वायफाय वापरू नका. प्रेक्षागृहात तीनशे मोबाइल आले की टॅब सुटतो. लॅन पोर्टला वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर जोडा.

गेन_कमी_करा
सम्राट, पोस्टची शेवटची ओळ वाचा की हो.
पट्टीभाऊ, जुन्या बाजारात लेक्सिकॉन एमएक्स२०० किंवा टीसी एम३५० ही रॅक युनिटं बघा. दोन्हींचं उत्पादन बंद आहे, पण वापरलेले मिळतात आणि तुमच्या बजेटमध्ये बसायला हवेत. दोन्हींत दोन इंजिनं, म्हणजे दोन इफेक्ट एकदम. एमएक्स२०० ड्युअल मोनोवर ठेवा: ऑक्स ३ डाव्या इनपुटला, ऑक्स ४ उजव्या. एकीकडे डिले, दुसरीकडे प्लेट (रिव्हर्बचा एक प्रकार). आउटपुट दोन वेगळ्या चॅनेलवर परत घ्या. टेम्पोचं बटण समोरच आहे, बोटाने ठेका द्यायचा.
घेताना अडॅप्टर तपासा. त्याला ९ व्होल्ट एसी लागतो, डीसीवर चालणार नाही. सगळे नॉब फिरवून बघा, आकडा उड्या मारत असेल तर सोडून द्या.

कार्यक्रम_रात्री_दहापर्यंत
एक्सआर१८ +१. बजेट थोडं वाढवा.

लेटन्सी_काका
लॅपटॉप आहेच तर रॅक कशाला? दोन-इन दोन-आउट इंटरफेस घ्या. ऑक्स ३ इंटरफेसच्या इनपुट १ ला, ऑक्स ४ इनपुट २ ला. रीपर सॉफ्टवेअरमध्ये दोन ट्रॅक, एकावर रिव्हर्ब, दुसऱ्यावर डिले. वल्हाला सुपरमॅसिव्ह आणि ड्रॅगनफ्लाय हे प्लगइन दोन्ही फुकट आहेत. ४८ किलोहर्ट्झ, बफर १२८, आणि ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीचा. एसिओ-फॉर-ऑल या सरसकट ड्रायव्हरवर कार्यक्रम करू नका.

सबवूफर_सम्राट
आणि गायकाला आवाज उशिरा येणार, त्याचं काय?

लेटन्सी_काका
रिव्हर्बला काही होत नाही. कोरडा आवाज मिक्सरमधून सरळ जातो, लॅपटॉपमधून फक्त ओला (इफेक्टचा) परत येतो. १२८ बफरला जाऊन-येऊन साधारण ६ ते १० मिलिसेकंद धरा. गायकीच्या प्लेटला प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा थांबा) तसाही ३०-४० मिलिसेकंद ठेवतो, त्यातून तेवढे वजा करायचे.
घोळ होतो तो चॅनेलच्या इन्सर्टमध्ये (आवाजाच्या मुख्य वाटेतच) कॉम्प्रेसर किंवा ईक्यू लॅपटॉपवरून घातला तर. मग गायकाला स्वतःचा आवाज मॉनिटरमधून उशिरा येतो. कोरडा आणि उशिराचा एकत्र झाले तर कंगव्यासारखे खड्डे पडतात: ५ मिलिसेकंदाला १००, ३००, ५०० हर्ट्झ असे. ती कामं मिक्सरवरच करा.

डीआय_बॉक्स
रॅक घ्या नाहीतर लॅपटॉप, जोडणीचे नियम तेच आहेत आणि इथे कोणी लिहिले नाहीत.
१) इफेक्ट शंभर टक्के वेट, म्हणजे ओला. मिक्स नॉब मध्यावर राहिला तर कोरडा आवाजही परत येतो आणि गायक पातळ ऐकू येतो.
२) रिटर्न ज्या चॅनेलवर घ्याल त्याचे ऑक्स ३ आणि ४ पूर्ण शून्यावर, नाहीतर शिट्टी ठरलेली.
३) ऑक्स ३ ला प्रीचं (फेडरच्या आधी) बटण असेल तर ते वर, म्हणजे पोस्ट (फेडरच्या नंतर). प्री राहिलं तर फेडर खाली आणूनही रिव्हर्ब वाजत राहतो.
४) निवेदन सुरू झालं की रिटर्न म्यूट. गुहेतून आल्यासारखं निवेदन अर्ध्या कार्यक्रमांत ऐकू येतं.
रिटर्नवर लो-कट टाका, २०० हर्ट्झच्या आसपास. तबल्याला हॉल नको, ०.७ सेकंदाची रूम पुरे.

फेडर_वर
खरा इको टेपचाच. आमच्याकडे रोलंडचा आरई-२०१ टेप इको आहे, अजून वाजतो. प्लगइनवाल्यांनी एकदा ऐकावा.

गेन_कमी_करा
अहो, पण त्यातली टेप लूप झिजते, बदलावी लागते. तीस हजारांच्या धाग्यात तो कशाला?

चार्जर_काढा
लॅपटॉप नको. ऐन गाण्यात अपडेट सुरू होतं, मग बसा ओरडत. तरी घेणारच असाल तर अपडेट पॉज, वायफाय-ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर अर्धा तास चालवून बघा, लाल दिसलं तर दोष बहुतेक कुठल्यातरी ड्रायव्हरचा. आयलॉक क्लाउडवाले (परवाना नेटवरून तपासणारे) प्लगइन नको, त्यांना नेट सतत लागतं आणि तळघरातल्या हॉलला रेंज नसते. क्रॅक तर नकोच.
चार्जर लावल्यावर घूं आवाज आला तर तो ग्राउंड लूप. इंटरफेस आणि मिक्सरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. प्लगची अर्थिंगची पिन कापू नका, शॉक गायकाला बसतो.

कार्यक्रम_रात्री_दहापर्यंत
गायक मॉनिटरमध्ये रिव्हर्ब मागतातच. तो द्यायचा की नाही?

डीआय_बॉक्स
वेजमध्ये (जमिनीवरच्या मॉनिटरमध्ये) नको, फीडबॅकची (शिट्टीची) मर्यादा खाली येते. इन-इअर असेल तर थोडा द्या.

लेटन्सी_काका
थोडा वेजमध्येही चालतो. कोरड्या मॉनिटरवर गायक सूर सोडून ओढून गातात.

डीआय_बॉक्स
नाही चालत.

पट्टी_काळी_दोन
सगळ्यांचे आभार. ठरलं: रिव्हर्ब मिक्सरच्या आतलाच ठेवतो, डिले फक्त लॅपटॉपवर, ऑक्स ३ मधून. लॅपटॉप बसला तरी डिलेच जाईल, गाणं चालू राहील. इंटरफेस, यूपीएस आणि चांगल्या केबली यातच पैसे संपवतो.
डिलेचे आकडे गाण्यांच्या यादीसमोर लिहून ठेवतोय. ६०,००० भागिले बीपीएम, म्हणजे ९० ला ६६७ मिलिसेकंद, डॉटेड आठव्याला (पाऊण ठोक्याला) ५००. बरोबर ना?

लेटन्सी_काका
बरोबर. डिलेचा फीडबॅक (किती आवाज पुन्हा फिरतो ते) १५-२० टक्के, वरून ४ किलोहर्ट्झला कापा, नाहीतर प्रत्येक 'स' तीनदा ऐकू येईल.

गेन_कमी_करा
अर्धं इकडे, अर्धं तिकडे. एमएक्स२०० मध्ये हे एका डब्यात झालं असतं. असो.

सबवूफर_सम्राट
वर्षभरात एक्सआर१८ घ्याल, लिहून ठेवा.

डीआय_बॉक्स
इंटरफेसचे आउटपुट पाव इंची बॅलन्स्ड आहेत ना, बघून घ्या. आरसीएवाला घेऊ नका. त्याची लेव्हल कमी असते, लांब केबलवर गुणगुण येते आणि रिटर्नचा गेन उघडला की खरखर.