लॅपटॉप ८० टक्क्यांवरच थांबतो, बॅटरी बदलावी का?

ए-२०३ : सर्वांना नमस्कार. मुलीचा लॅपटॉप तीन वर्षांचा आहे. गेले काही आठवडे तो रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला, तरी ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. चौकातल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडूनही न पाहता बॅटरी गेल्याचे सांगितले आणि साडेचार हजारांचा खर्च काढला. पैसे घालण्याआधी घरच्या घरी काही तपासता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बी-१०४ : बॅटरी एकदा पूर्ण उतरू द्यावी आणि मग मध्ये न थांबता १०० टक्के चार्ज करावी. मी वर्षानुवर्षे हेच करीत आलो आहे.

सी-५०१ : काका, तो उपाय निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. आताची लिथियम-आयन बॅटरी वारंवार शून्यावर नेली, तर तिचे आयुष्य उलट घटते. पडद्यावर ३० टक्के दिसत असताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल, म्हणजे आकड्याचा अंदाजच चुकत असेल, तर एखाद्या वेळी तसे केल्याने तो आकडा ताळ्यावर येतो. पण इथली तक्रार तशी दिसत नाही. ताई, आकडा रोज नेमका ८० वरच थांबतो, की कधी ७४, कधी ८३ असा बदलतो?

ए-२०३ : रोज नेमका ८०. चार्जर जोडलेला असल्याची खूणही दिसते.

सी-५०१ : मग बॅटरीवर संशय घेण्याआधी सेटिंग पाहावे, कारण बिघाड सहसा इतका शिस्तीचा नसतो. लिथियम-आयन बॅटरी सतत काठोकाठ भरलेली आणि त्यातच गरम राहिली की लवकर झिजते, म्हणून बहुतेक कंपन्यांनी चार्जिंग मध्येच थांबवण्याची सोय दिलेली असते. लेनोवोमध्ये ती व्हँटेज ॲपमध्ये ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ या नावाने असते, आसुसमध्ये मायआसुस ॲपमध्ये सापडते, तर एचपीच्या अनेक लॅपटॉपांत सुरू होतानाच एफ-१० दाबून बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जावे लागते आणि तिथे ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’ शोधावा लागतो. काही मॉडेलांत ही मर्यादा ६० टक्क्यांचीही असते. एखाद्या अपडेटनंतर किंवा ॲप उघडून पाहताना ते बटण नकळत सुरू झालेले असू शकते.

ए-६०२ : चार्जरही पाहावा. आमच्याकडे मुलाने मोबाईलचा टाइप-सी चार्जर लॅपटॉपला लावला होता. तो जेमतेम १८ वॉटचा असल्यामुळे काम चालू असताना टक्के वाढण्याऐवजी उतरत होते.

सी-५०१ : बरोबर आहे. चार्जरवरच्या बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ शोधावे. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपियर असे लिहिले असेल तर गुणाकार ६५ वॉट होतो; लॅपटॉपला तेवढेच लागतात का, हे त्याच्या मूळ चार्जरवरून पडताळावे. मात्र चार्जर कमी पडत असता, तर लॅपटॉप बंद ठेवून रात्रभर लावल्यावर आकडा ८० च्या पुढे गेला असता.

बॅटरी खरोखर किती झिजली आहे, हे विंडोज स्वतःच सांगते. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) उघडून त्यात ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा टाकली की एक अहवाल तयार होतो. त्यातली ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. झिजलेली बॅटरीही पडद्यावर १०० टक्केच दाखवते, फक्त ते १०० लवकर संपतात. त्यामुळे ८० वर थांबणे म्हणजे २० टक्के बॅटरी मेली, असा अर्थ काढू नये.

ए-२०३ : कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी जपण्याचे बटण खरोखरच सुरू होते. ते बंद करताच आकडा पुढे सरकला, आत्ता ९३ झाले आहेत. अहवालात मूळ क्षमता ४५,००० आणि आजची ३८,७०० मिलिवॉट-तास दिसते.

सी-५०१ : म्हणजे ८६ टक्के क्षमता शिल्लक आहे, तीन वर्षांच्या वापरानंतर हे उत्तम आहे. बॅटरी बदलू नका. लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला जोडलेलाच राहत असेल तर ते बटण पुन्हा सुरू करावे आणि बाहेर न्यायचा असेल त्याच्या आदल्या रात्री बंद करावे. एक मात्र लक्षात असू द्या : पुढे कधी तो ९५-९६ वर थांबलेला दिसला तर घाबरू नका, कारण थोडी उतरलेली बॅटरी लगेच पुन्हा चार्ज करायची नाही, अशीच बऱ्याच लॅपटॉपांची रचना असते.

डी-१०२ : आमच्या जुन्या लॅपटॉपचा टचपॅड एका बाजूने वर आला आहे आणि झाकण नीट बसत नाही. चार्जिंगही अर्ध्यावरच थांबते. हाही सेटिंगचाच प्रकार असेल का?

सी-५०१ : नाही काकू, ही बॅटरी फुगल्याची खूण दिसते. लॅपटॉप आत्ताच बंद करून चार्जर काढावा, टचपॅड दाबून खाली बसवू नये आणि घरी काही उघडू नये. अधिकृत सेवा केंद्रातूनच बॅटरी काढून घ्यावी आणि जुनी तिथेच जमा करावी. ती कोरड्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, तर कचरागाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते.