डेमोस्थेनिसचे ‘रेग्माता’ आणि ‘स्पास्माता’ मराठीत कसे आणावेत?

मूळ लेखन

इ.स.पू. ३३० मध्ये अथेन्सच्या न्यायसभेत तेथील प्रसिद्ध वक्ता डेमोस्थेनिस याने आपला प्रतिस्पर्धी एस्किनिस याला उत्तर देताना जे भाषण केले, त्यातील एका वाक्याबद्दल मला येथे मत मांडायचे आहे. नगराचे बरे चालले असताना एस्किनिस गप्प असतो आणि काही विपरीत घडले की लगेच पुढे येतो, असे सांगून डेमोस्थेनिस म्हणतो की, शरीराला एखादा आजार जडला म्हणजे ‘रेग्माता’ आणि ‘स्पास्माता’ जशी हलू लागतात, तसे हे आहे. यातील ‘रेग्मा’ (‘रेग्माता’ हे त्याचे अनेकवचन) हा शब्द फाटणे किंवा फुटणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे, तर ‘स्पास्मा’ हा ओढणे किंवा खेचणे या अर्थाच्या धातूपासून.

या जोडीसाठी ‘विदारण’, ‘भंग’ किंवा ‘आक्षेप’ (आचका) असे शब्द योजणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते. समोर बसलेले शेकडो न्यायसभासद सामान्य नागरिक होते, वैद्य नव्हते, आणि त्यांना हे शब्द ऐकताक्षणी स्वतःच्या पाठीतली किंवा खांद्यातली कळ आठवली असणार. म्हणून मी असे सुचवतो: ‘अंगात आजार शिरला की जुना मुका मार आणि जुनी उसण जशी उचल खाते, तसा हा.’ इ.स.पू. ३४९ च्या सुमारास मॅसेडोनचा राजा फिलिप याच्याविरुद्ध केलेल्या भाषणातही त्याने हाच दाखला दिला आहे, मात्र तेथे ‘रेग्मा’च्या शेजारी ‘स्ट्रेम्मा’ आहे, म्हणजे सरळसरळ मुरगळणे.

मराठीत हाड मोडते, डोके फुटते, कातडी फाटते, नस तुटते, सांधा निखळतो, पाय मुरगळतो आणि पाठीत उसण भरते. प्रत्येक इजेला तिचे क्रियापद असलेल्या भाषेने हे सगळे एका ‘भंगा’त कोंबावे, हे मला पटत नाही.

पहिला प्रतिसाद

आपल्या क्रियापदांचे कौतुक मलाही आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. ग्रीक वैद्यकाने हे शब्द बोलीतून उचलले असले, तरी त्यांना काटेकोर अर्थ दिला आणि भाषांतरात तो अर्थ सांभाळला पाहिजे. पर्गामम नगरात ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे आखाड्यात लढणाऱ्या योद्ध्यांच्या, जखमा हाताळलेला दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन शरीराचे सलगपण सुटणे ही एकच मूळ कल्पना धरतो आणि ते कोठे सुटले यावरून नाव ठरवतो. हाडात ते ‘काताग्मा’, मांसात ‘हेल्कोस’ आणि नसेत ‘स्पास्मा’ होते. अशा व्यवस्थेसमोर ‘उसण’ हा शब्द फारच ढिला पडतो.

हाडांच्या बाबतीत तर ही बारकाई थक्क करणारी आहे. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य एजिनाचा पॉल याने दिलेल्या अस्थिभंगाच्या प्रकारांत ‘राफानेडॉन’, म्हणजे मुळ्यासारखा, असा एक आहे. ताजा मुळा दोन्ही हातांत धरून वाकवला तर तो फारसा लवत नाही, कट्‌कन आडवा तुटतो आणि दोन्ही तोंडे जवळजवळ सपाट राहतात. हाड आडवे मोडले म्हणजे नेमके तसेच दिसते. ‘आल्फिटेडॉन’ म्हणजे जवाच्या भरडीसारखा झालेला चुरा. आपल्या सुश्रुतानेही काण्डभग्नाचे, म्हणजे हाड मोडण्याचे, बारा प्रकार सांगताना ‘अश्वकर्ण’ (घोड्याचा कान), ‘कर्कटक’ (खेकडा), ‘चूर्णित’ अशी नावे दिली. शास्त्र उभे राहते ते अशा नेमक्या संज्ञांवर, आणि म्हणून मी ‘विदार’ व ‘कर्षण’ हे शब्द सुचवतो.

दुसरा प्रतिसाद

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि माझा आक्षेप दोघांनाही आहे. डेमोस्थेनिस आणि गेलेन यांच्यात जवळजवळ पाचशे वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे गेलेनची वाटणी अथेन्सच्या भाषणात वाचणे हा कालविपर्यास होईल. पण ‘मुका मार’ही चालणार नाही. मुका मार बाहेरून बसतो: काठीचा, पडण्याचा, दाराच्या कडेचा. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावर असलेल्या हवा, पाणी आणि स्थळे यांविषयीच्या ग्रंथात थंड वाऱ्यांच्या तोंडावर वसलेल्या नगरांचे वर्णन आहे. तेथील पाणी थंड व जड, आणि माणसे काटक व कोरडी असल्यामुळे त्यांना ‘रेग्मा’ होण्याची प्रवृत्ती असते आणि त्यांच्या छातीत पू साठतो, असे तो ग्रंथकार म्हणतो. ही आतल्या आत होणारी फाट आहे. तिच्या मागे कोणाचा फटका असायलाच हवा असे नाही.

आणखी एक धोका सांगतो. इंग्रजीत ‘रप्चर’ हा शब्द अंतर्गळासाठीही वापरला जात असल्यामुळे इंग्रजीवरून भाषांतर करणारा सहज ‘हर्निया’पाशी पोहोचतो. ग्रीकांचा त्यासाठीचा शब्द निराळा होता, आणि आपल्या ‘हायड्रोसील’ (अंडकोषात पाणी साठणे) या शब्दातील ‘सील’ हा त्याचाच अवशेष आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्ससने या विकारांची ग्रीक नावे आधी दिली आहेत आणि मग आपल्याकडचे ‘हिर्निया’ हे नाव अशिष्ट पण रूढ असल्याचे नोंदवले आहे. घरगुती शब्द लिहिताना वाटणारा संकोच इतका जुना आहे, हे वाचून मला त्या लेखकाविषयी जवळीक वाटली.

मूळ लेखकाचे उत्तर

‘मुक्या मारा’वरील आक्षेप मी मान्य करतो. मात्र ‘विदार व कर्षण’ हे शब्द ऐकून कोणाचीही पाठ दुखत नाही, आणि या वाक्यात वक्त्याला तेच साधायचे होते. त्याचा भर इजेच्या प्रकारावर नसून तिच्या लपून राहण्यावर आहे. फिलिपविषयीच्या भाषणात तो हे उघडच सांगतो: माणूस धडधाकट असेपर्यंत त्याला काही जाणवत नाही, आणि राज्यांचेही असेच असते, युद्ध सीमेवर येऊन भिडले की सगळे उघडे पडते. वैद्यकीय ग्रंथाचे भाषांतर करायचे असेल, तर पहिल्या प्रतिसादातील व्यवस्था मी आनंदाने स्वीकारेन.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

हा भेद मला पटत नाही. एकाच शब्दासाठी भाषणात एक आणि ग्रंथात दुसरा प्रतिशब्द ठेवला, तर डेमोस्थेनिसने वैद्यांच्याच तोंडची जोडी सभेत आणली होती, हे मराठी वाचकाला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

माझ्याकडे येणारे रुग्ण ‘आत काहीतरी तुटल्यासारखं वाटतंय’ आणि ‘उसण भरली’ असे एका दमात सांगतात. पहिल्या शब्दासाठी मी ‘आतली फाट’ घेईन, कारण तो भाषणात आणि ग्रंथात दोन्हीकडे टिकेल. दुसऱ्यासाठी ‘उसण’ मला भाषणापुरती मान्य आहे.