न्यायसहायक मानसशास्त्राची पदवी : आधी की नंतर?

खारघरचा पालक :
माझी मुलगी ठाण्यात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत फॉरेन्सिक सायकॉलॉजी, म्हणजे न्यायालयाच्या कामी येणारे न्यायसहायक मानसशास्त्र, घेऊन एम.एस्सी. करायचे, असे तिने ठरवून टाकले आहे. विषय मलाही आवडतो. खटकतो तो क्रम. मालिका पाहून मुलांना ज्या पॉलिग्राफ (खोटे पकडण्याच्या) आणि नार्को (गुंगीचे औषध देऊन बोलते करण्याच्या) चाचण्यांची भुरळ पडते, त्या संमतीवाचून कोणावरही करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात २०१० मध्येच दिला आहे. म्हणून तिने आधी चिकित्सा मानसशास्त्र (क्लिनिकल सायकॉलॉजी) शिकावे, त्यासाठी लागणारी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळवावी आणि १९०१ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयासारख्या ठिकाणी रुग्णांमध्ये वावरावे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; चढायचीच तर तयारीने चढावी.

ठाण्यातील एक वकील :
आपण नार्कोवर बोट ठेवलेत, पण या विषयाचे खरे काम तिथे नाहीच. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १५ नुसार त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्यामागची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन बाल न्याय मंडळाला करावे लागते, आणि त्याचा खटला प्रौढांसारखा चालावा का, हे त्यावर अवलंबून असते. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर अनुभवी मानसशास्त्रज्ञासारख्या तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. हा माणूस आणायचा कुठून?

एका प्रकरणात माझ्या हाती आलेला अहवाल जेमतेम दीड पानाचा होता. बुद्ध्यांक सामान्य, उत्तरे सुसंगत, सबब परिणामांची जाण आहे, एवढाच त्यातला युक्तिवाद. रात्री दोन वाजता मित्रांच्या घोळक्यात हाच मुलगा कसा वागेल, हे टेबलापलीकडे बसून त्याच्याकडून ठोकळे जुळवून घेताना कळत नाही. अहवाल लिहिणारी व्यक्ती चिकित्सेत चांगली मुरलेली होती, हे मुद्दाम सांगतो. चिकित्सेत समोरचा माणूस बरे व्हायला येतो आणि त्याचे बोलणे गुप्त राहते. इथे तो आदेशाने येतो आणि "तू सांगशील ते मंडळापुढे जाईल" हे त्याला पहिल्याच वाक्यात सांगावे लागते. ही शिस्त निराळी आहे, आणि दहा वर्षे उपचार केल्यावर ती अंगवळणी पडणे अवघड जाते.

नेरूळची समुपदेशक :
मुलांपुरते मान्य. प्रौढ आरोपींच्या बाबतीत मात्र मी पालकांच्या बाजूची आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली मनोविकलतेचा बचाव घेणारा खरोखर भ्रमात होता की सोंग करतो आहे, हे ओळखायला खरा भ्रम पुष्कळदा पाहिलेला असावा लागतो. सोंग घेणारा बरेचदा लक्षणे उत्साहाने मोजून दाखवतो. खरा रुग्ण ती लपवतो. पुस्तकात हे एका ओळीत असते, ओळखता यायला वर्षे लागतात.

खारघरचा पालक :
दीड पानाचा दोष शिक्षणाचा की लिहिणाऱ्याच्या घाईचा, हे वकीलसाहेबांनी सिद्ध केलेले दिसत नाही, त्यामुळे क्रमाबद्दलचे माझे मत कायम आहे. गुप्ततेचा मुद्दा मात्र मला सुचला नव्हता, हे कबूल करतो. मुलीला हे वाचून दाखवले, तेव्हा तिने एवढेच विचारले : त्या मुलाला ते पहिले वाक्य कोणी सांगितले होते का?

ठाण्यातील एक वकील :
अहवालात तशी नोंद नव्हती.