मालदीव: माफुशी आणि धिगुराहची स्पीडबोट आधीच बुक करताना काय पाहावं?

सांजवारा

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सहा रात्रींसाठी मालदीवला जायचं ठरलं आहे. मुंबईहून थेट विमान शनिवारी दुपारी 1.40ला मालेच्या वेलाना विमानतळावर उतरतं. आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई. त्यांना कमरेच्या मणक्याचं दुखणं आहे. चालतात, जिने चढतात, पण डॉक्टरांनी हिसके टाळायला सांगितलं आहे.

बेत असा: आधी तीन रात्री माफुशी, मग व्हेल शार्कसाठी तीन रात्री धिगुराह, आणि तिथूनच शेवटच्या दिवशी विमानतळ. परतीचं विमान शुक्रवारी दुपारी 2.40ला. दोन्ही गेस्टहाउसं ‘स्पीडबोट आम्ही बुक करतो, काळजी करू नका’ एवढंच कळवतात. पैसे भरण्याआधी त्यांना नेमकं काय विचारू? माफुशीहून धिगुराहला थेट बोट मिळते का? सासूबाईंना कुठे बसवावं? आणि मेमध्ये समुद्र कसा असतो?

खाडीकाठ

ताई, सगळ्यात आधी बेटांचा क्रम उलटा करा. लांबचं बेट आधी, विमानतळाजवळचं शेवटी.

माफुशी मालेच्या दक्षिणेला साधारण 27 किलोमीटरवर आहे, बोटीने अर्धा-पाऊण तास. धिगुराह दक्षिण अरी प्रवाळद्वीपात, शंभर किलोमीटरच्या आसपास. पावणेदोन ते दोन तास लागतात, समुद्र उसळलेला असला तर त्याहून जास्त. माफुशीला दिवसभर बऱ्याच फेऱ्या असतात, एक चुकली तर दुसरी मिळते. धिगुराहला मोजक्याच. परतीच्या दिवशी धिगुराहची सकाळची बोट हवामानामुळे रद्द झाली तर विमान गेलंच. त्यात तुमचा परतीचा दिवस शुक्रवार. मालदीवमध्ये ती सुट्टी असते, फेऱ्या कमी होतात आणि दुपारच्या नमाजाच्या वेळी साधारण साडेअकरा ते दीडपर्यंत बोटी सहसा सुटत नाहीत. माफुशी शेवटी ठेवलंत तर शुक्रवारी सकाळी आठ-नऊची बोट धरून दहापर्यंत विमानतळावर असाल, आणि ती हुकली तरी मागे आणखी एखादी असेल.

दोन बेटांमधल्या थेट बोटीवर बेत उभा करू नका. या स्पीडबोटींचं जाळं मालेभोवती विणलेलं आहे. बहुतेक बोटी माले शहरातून निघतात, विमानतळाच्या जेटीवर माणसं घेतात आणि आपापल्या बेटाला जातात. म्हणून धिगुराहहून माफुशी म्हणजे आधी विमानतळ, तिथे बोट बदलायची, मग माफुशी. तिकिटं दोन. बदली विमानतळाच्या जेटीवरच करा. माले शहरात उतरलात तर सामान ओढत दुसरी जेटी शोधावी लागते. अरीकडची एखादी बोट पुरेसे प्रवासी असतील तर वाटेत माफुशीला लागते, पण तसा होकार लेखी मिळाल्याशिवाय तो धरू नये. चार माणसांसाठी आख्खी बोट घ्यायची तर कित्येकशे डॉलर जातात.

आता गेस्टहाउसला काय विचारायचं ते. ‘बुक करतो’ हे उत्तर पुरेसं नाही. बोट चालवणाऱ्याचं नाव आणि जेटीवरच्या माणसाचा व्हॉट्सअॅप किंवा व्हायबर नंबर मागा (तिकडे व्हायबर भरपूर वापरतात). दिलेली वेळ माले शहरातून सुटण्याची आहे की विमानतळाहून, हे विचारा. दोन्हींत दहा-पंधरा मिनिटांचा फरक असतो आणि बोट कुणासाठी थांबत नाही. विमान उशिरा आलं तर तेच तिकीट पुढच्या फेरीला चालतं का, आणि दिवसाची शेवटची बोट कितीची, हे विचारा. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसऱ्या दिवशीची जागा, हेही. भाडं एकेरी की दुहेरी, कर धरून की वेगळा, मुलीचं अर्धं की पूर्ण? माफुशीला माणशी एका बाजूचे 25 डॉलरच्या आसपास आणि धिगुराहला 50-60 डॉलर हा अंदाज धरा. सगळी उत्तरं एकाच मेलमध्ये घ्या आणि तो मेल फोनमध्ये उतरवून ठेवा, जेटीवर इंटरनेटच्या भरवशावर राहू नका.

तुमचं विमान 1.40ला. प्रवेशतपासणी, सामान, कस्टम्स यांना एक तास, गर्दी असली तर दीड. तीनच्या आधीची बोट घेऊच नका. चारच्या सुमाराची असेल तर बरोबर. ती हुकली तर हुलहुमालेला रात्र काढा. विमानतळाशी रस्त्याने जोडलेलं आहे, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. अशा वेळी कोणाला फोन करायचा तेवढं आधी ठरवून ठेवा.

डोलकाठी

क्रमाबद्दल शंभर टक्के सहमत. पण मणक्याचा मुद्दा त्याहून मोठा आहे.

स्पीडबोट वेगात असताना पुढचा भाग पाण्याबाहेर उचललेला असतो. लाटेवरून उडी घेऊन तो खाली आदळतो तेव्हा सगळ्यात जास्त वर-खाली पुढच्या बाकांवर होतं. मागच्या बाजूला इंजिनांचं वजन असतं आणि बोटीचा तो भाग जवळजवळ सतत पाण्यातच राहतो, म्हणून हिसका खूप कमी बसतो. पुढे बसलेला माणूस बाकावरून इंचभर उचलला जाऊन परत आपटला की सगळा मार कण्यावर येतो. अशा बोटींवर मणक्याला चेप बसून तो मोडल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत, आणि हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना हा धोका सर्वाधिक. म्हणून ‘पुढून छान दिसतं’ असं कोणी म्हटलं तरी सासूबाईंना पुढे बसवायचं नाही.

मात्र अगदी शेवटची रांगही नको. तिथे पेट्रोलचा धूर आणि इंजिनांचा आवाज असतो, आणि ज्याला बोट लागते त्याला तो वासच पुरतो. मागून दुसरी किंवा तिसरी रांग, मधल्या वाटेच्या बाजूची जागा, ही सगळ्यात चांगली. पाठ टेकून बसावं, पाय जमिनीला घट्ट, कमरेमागे दुमडलेला टॉवेल, हात समोरच्या दांड्यावर. उशी बाकावर ठेवली तर ती घसरते, म्हणून हवा भरलेली उशी पाठीशीच ठेवा. बहुतेक फेऱ्यांना जागा क्रमांकाने मिळत नाही, आधी येईल तो बसेल. तेव्हा वीस मिनिटं लवकर जेटीवर जा आणि खलाशाला ‘बॅक प्रॉब्लेम’ एवढं सांगा. ते मागे बसवतात. गरोदर बायकांना तर बरेच बोटवाले घेतच नाहीत, कारण हेच.

मला विचाराल तर धिगुराहला सासूबाईंनी स्पीडबोटीने जाऊ नये. विमानतळाहून ममिगिलीला देशांतर्गत विमान जातं, अर्ध्या तासाच्या आत. ममिगिलीहून धिगुराह जवळ आहे, बोटीने वीसेक मिनिटं, तीही प्रवाळरांगेच्या आतल्या शांत पाण्यातून. पैसे जास्त लागतात, पण डॉक्टरांनी हिसके टाळायला सांगितलेल्या माणसाला मेमध्ये दोन तास उघड्या समुद्रावर नेणं मला पटत नाही. एक मोठी व्यक्ती त्यांच्याबरोबर विमानाने आणि दुसरी मुलीबरोबर बोटीने, असंही जमेल. डॉक्टरांना ‘प्रवास चालेल का’ असं मोघम विचारू नका. ‘दोन तास स्पीडबोट, लाटांवर आदळणारी’ असं स्पष्ट सांगून विचारा.

बोट लागण्यावरच्या गोळ्यांबद्दल: अॅव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी तास-दीड तास घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. झोप येते. मुलीसाठी मात्रा बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या, आणि सासूबाईंच्या चालू औषधांशी ती जमते का हेही विचारा. पोट पूर्ण रिकामं नको, तुडुंबही नको. दोन पोळ्या किंवा टोस्ट बरा. आलेपाक नाहीतर आवळासुपारी हाताशी ठेवा आणि मुलीला मोबाइलवर काही बघू देऊ नका, क्षितिजाकडे बघायला सांगा.

भरतीओहोटी

हवामानाचं सांगतो, कारण वरच्या दोघांचे सल्ले त्यावरच अवलंबून आहेत.

मालदीवमध्ये दोन ऋतू. साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचे वारे, त्याला ते इरुवाई म्हणतात, आणि मेपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत नैऋत्येचे, ते हुळंगू. तुमचा मेचा तिसरा आठवडा म्हणजे हुळंगूची सुरुवात. रोज वादळ असतं असं नाही, चार दिवस आरशासारखं पाणीही मिळू शकतं. पण सरींबरोबर अचानक जोराचा वारा येतो.

मालेहून धिगुराहला जाताना बोटीचं तोंड नैऋत्येकडे असतं, म्हणजे या दिवसांत वारा आणि लाटा समोरून. आदळणं जास्त, वेळ जास्त. येताना तीच लाट मागून येते, तेव्हा बोट आदळत कमी, डोलत जास्त. म्हणून मेमध्ये जाणं पाठीला त्रासदायक आणि येणं पोटाला. डोलकाठींनी सुचवलेलं विमान निदान जाताना तरी घ्याच. माफुशीच्या वाटेवर फक्त एकच जागा उसळते, उत्तर आणि दक्षिण माले प्रवाळद्वीपांमधली वाधू कांडू ही खोल वाट. कांडू म्हणजे दोन प्रवाळरांगांमधली समुद्राची वाट. तिथे प्रवाहाला जोर असतो, वारा प्रवाहाच्या उलट असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. पाच-दहा मिनिटांचा प्रश्न, पुढे पाणी निवळतं.

आपल्याकडे गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंदच असते, त्यामुळे ‘पावसाळ्यात बोट चालू आहे म्हणजे समुद्र ठीक आहे’ असं आपण धरून चालतो. मालदीवमध्ये बोटी बारा महिने चालतात, बंद करण्याचा निर्णय त्या त्या दिवशी होतो. तिथलं हवामान खातं पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. पांढरा असेल तर बोटी चालतात पण हिसके बसतील. पिवळ्यापासून पुढे फेऱ्या रद्द व्हायची तयारी ठेवा. आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी इशारा पाहा. फेरी निवडता येत असेल तर सकाळची घ्या. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, दुपारच्या बोटीला उशीर झाला तर शेवटचा टप्पा अंधारात येतो.

वेळेचाही एक घोळ होतो. मालदीव आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. घड्याळ बदलायचं राहिलं तर तुम्ही लवकर पोहोचाल, नुकसान नाही. पण बरीच रिसॉर्टं स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. तुम्ही गेस्टहाउसात आहात, स्थानिक बेटांवर मालेचीच वेळ चालते, पण दिवसभरासाठी एखाद्या रिसॉर्टला गेलात तर परतीची बोट कोणत्या घड्याळाने, हे विचारून घ्या.

सांजवारा

तिघांचे मनापासून आभार. क्रम उलटा केला: शनिवारी धिगुराह, मंगळवारी माफुशी, शुक्रवारी सकाळी विमानतळ. धिगुराहला जाता-येता सासूबाई आणि हे ममिगिलीच्या विमानाने, मी आणि मुलगी बोटीने. गेस्टहाउसला मेल गेला आहे. आता सामान आणि प्रत्यक्ष चढण्या-उतरण्याबद्दल सांगाल का?

खाडीकाठ

सामानाची मर्यादा बहुधा माणशी 20 किलोची एक बॅग आणि एक हातातली. देशांतर्गत विमानाची वेगळी असते, तिकिटावर पाहून घ्या. मोठ्या बॅगा खलाशी पुढच्या भागात रचतात आणि तिथे पाण्याचे शिंतोडे येतात. ताडपत्री असली तरी भरवसा नको. कपडे आतून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा. पासपोर्ट, पैसे, औषधं, चार्जर आणि मुलीचे एक जोडी कपडे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत, आणि ती मांडीवर. आता दोघं-दोघं वेगळे जाणार आहात, तेव्हा सासूबाईंची औषधं आणि कागद त्यांच्याच हातातल्या बॅगेत असू द्या. बॅगांवर बेटाचं आणि गेस्टहाउसचं नाव मोठ्या अक्षरांत चिकटवा, एकच बोट दोन-तीन बेटांना लागते आणि बॅग आधीच्या बेटावर उतरू शकते. उतरताना स्वतः मोजा.

मालदीवमध्ये भरती-ओहोटीचा फरक मीटरभराच्या आतबाहेर असतो, त्यामुळे जेटी आणि बोट यांत फार मोठी उडी पडत नाही. पण बोट हलत असते. बोट वर येऊन जेटीच्या पातळीला टेकली की त्या क्षणी पाऊल टाकायचं. खाली जात असताना नाही. खलाशाचा पंजा नव्हे, मनगट धरायचं आणि त्यालाही आपलं मनगट धरू द्यायचं. हात रिकामे हवेत, चपला पायातून न निसटणाऱ्या.

मुलीसाठी लहान मापाचं लाइफ जॅकेट बुकिंगच्या मेलमध्येच मागा, आणि बोटीत बसल्यावर ते घालून खालचे पट्टे आवळूनच निघा. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकून डोक्यातून निघतं.

वाटेत चालकाने वेग कमी करून इंजिन पाण्याबाहेर वर उचललं तर घाबरू नका. पंख्यात दोर, शेवाळ किंवा प्लास्टिक अडकलेलं असतं, ते काढायला दोन-पाच मिनिटं लागतात. दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तरी बोट हळूहळू पोहोचते, वेळ मात्र दुप्पट-तिप्पट होतो. तटरक्षक दलाचा क्रमांक 191, फोनमध्ये ठेवा.

डोलकाठी

एक राहिलं. येण्याआधीच्या 96 तासांत इमुगाचं, म्हणजे मालदीवच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरचं, प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन भरायचं असतं, चौघांचं वेगवेगळं. ते फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते सरकारी नाही, बंद करा. हे उतरल्यावर रांगेत उभं राहून भरायला लागलं तर तुमच्या चारच्या बोटीआधीच्या वेळातला अर्धा तास तिथेच जातो.