सोशल मीडिया सोडून सात महिने झाले, महिन्याला एकच लेख लिहितो. वेडेपणा आहे का?

ओटीवरचा
काडी टाकतोय म्हणा हवं तर. सात महिन्यांपूर्वी फोनमधली तिन्ही ॲप्स उडवली, अकाउंटं पण बंद केली, आणि तेव्हापासून स्वतःच्या ब्लॉगवर महिन्याला एक लेख टाकतो. वाचणारे किती, तर गेल्या महिन्यात ४१. त्यातले पाच-सहा तर मीच असेन, टायपो बघायला परत परत उघडतो ना.

कारण सांगतो. मी मूळचा मिरजेचा. मागे सतारमेकर गल्लीत गेलो होतो तेव्हा तानपुऱ्याचा फोटो काढून चार ओळी टाकल्या होत्या, की बघा, घोडीवर (तारा ज्या पट्टीवर टेकतात ती) तारेखाली हा जो सुताचा दोरा सरकवतात ना त्याला जवारी म्हणतात. ६०० च्या वर लाइक, 'वा', 'क्या बात', जोडलेले हात, बदाम, सगळं. मग ॲप्स सोडल्यावर तोच विषय निवांत बसून लिहिला, भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, कसा वाळवतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते, आणि जवारीचं वाक्य आहे तसं चिकटवलं. तीन आठवड्यांनी एका अनोळखी गृहस्थांची मेल. लेख आवडला म्हणाले, पण जवारी म्हणजे दोरा नव्हे हो, घोडीचा वरचा भाग कानसून असा उतरता करतात की तार थरथरताना त्याला हलकी घासत राहते आणि तो झंकार येतो, ती जवारी, दोरा फक्त नेमकी जागा साधायला. मेल वाचून कानशिलं गरम झाली माझी. सहाशे जणांत एकालाही ते खटकलं नाही, किंवा खटकलं तरी थांबून सांगावंसं वाटलं नाही, अंगठा पुढे गेला. मला हे ४१ पुरेत. तुमचं काय?

ताकभात
+१. आणि हे काही आपोआप झालेलं नाही. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणला, त्याआधी कोणाचं काय चाललंय बघायचं तर त्याच्या पानावर जावं लागायचं, म्हणजे आपण उठून त्याच्या घरी जायचो. फीड आल्यापासून सगळं गाव आपल्या दारात, आणि रांगेत कोणाला पुढे उभं करायचं ते ठरवणारा तिसराच. लाइकचं बटण फेब्रुवारी २००९ चं, तोवर निदान 'आवडलं' एवढं टायपायला तरी लागायचं. मी गूगल रीडरमधे पंचवीसेक मराठी ब्लॉग लावून ठेवले होते, आरएसएसने (नागपूरवालं नाही, हलके घ्या) नवीन लेख आला की दिसायचा, तारखेच्या क्रमाने, कोण जास्त भांडतंय त्या क्रमाने नाही. १ जुलै २०१३ ला ते दुकान बंद झालं, पण आरएसएस अजून जिवंत आहे, कुठलंही फुकटातलं रीडर ॲप घ्या, ब्लॉगचा पत्ता टाका, झालं.

लोणचंवाली
तुम्हा दोघांचा पगार कुठून येतो ते आधी सांगा बघू.
मी लोणची, मेतकूट, भाजणी विकते. दुकान नाही, सातारा रोडला दोन खोल्या आणि एक गॅलरी. सकाळी अडकित्त्यावर कैरी फोडतानाचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला की दुपारपर्यंत आठ-दहा ऑर्डरी. ब्लॉगवर 'कैरीचं लोणचं : एक चिंतन' लिहीत बसले तर बरण्या तशाच राहतील. वैताग मलाही येतो हो, रात्री अकराला 'रेट प्लीज', आणि रेट तिथेच खाली लिहिलेला असतो! पण सोडायचं म्हणजे शटर ओढायचं. तुमचा तो कट्टा असेल, माझी मंडई आहे.

ताकभात
मंडई मान्य ताई. पण मंडईत कोणी गादी टाकून झोपत नाही, आपण तिथेच राहायला गेलोय.

कृष्णाकाठ
मिरजवाले, २०१९ चा ऑगस्ट विसरलात काय? सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचा खालचा मजला पूर्ण पाण्यात, आजी वर, फोनला वीस टक्के चार्ज. भावानं पोस्ट टाकली, गल्ली कुठली, माणसं किती, गच्ची कुठली, आणि दोन तासांत ती फिरत फिरत बोटवाल्या पोरांपर्यंत गेली. तिथं तुमचा महिन्याचा लेख काय करणार होता?

आणि दुसरं. आमच्या गावात त्याआधी लिहीत कोण होतं? मास्तर नाहीतर वकील. माझा मामा जत तालुक्यातला, ऊसतोडीला जायचा, त्यानं कोपीतल्या (तिथल्या झोपडीतल्या) दिवसांवर अशा पोस्टी लिहिल्या की वाचून गप्प बसावं. त्याच्या बोलीत, जसं बोलतो तसं. त्याला डोमेन, होस्टिंग, थीम हे कोण शिकवणार होतं? निवांतपणा पण सातबाऱ्यासारखा असतोय, वाडवडिलांचा असला तर असला.

ओटीवरचा
पुराचं एकदम मान्य. पण ॲम्ब्युलन्सचा भोंगा लागतोच म्हणून तो चोवीस तास घरात वाजवत ठेवायचा का?
मामांचं मात्र लागलं मला. खरंच. 'न'चा 'ण' झाला की दात काढणारे आमच्यातलेच. त्यांच्या पोस्टी कुठे वाचता येतील?

कृष्णाकाठ
तीच तर बोंब. २०१७ च्या त्या. तुम्हाला लिंक द्यावी म्हणून आत्ता अर्धा तास खाली खाली सरकवतोय, लग्नाचे फोटो, बैलगाडा, सगळं आलं, ते नाही आलं. मामाला विचारलं तर म्हणतो फोन बदलला, पासवर्ड गेला. तरी मुद्दा सोडत नाही मी, लिहिलं तर तिथंच ना त्यानं.

खवचट खार
पॉपकॉर्न घेऊन बसले होते पण आता राहवेना. जुन्या साइटी म्हणजे काय देवळं नव्हती. कंपूबाजी काय कमी होती? एका अनुस्वारावरून तीन तीन दिवस मारामाऱ्या बघितल्यात मी, नवा माणूस आला की आधी त्याचं शुद्धलेखन सोलायचं. आणि ब्लॉगवरचं टिकतं वगैरे कोणी म्हणणार असेल तर माझं २००१ चं लेखन ऐका: शिवाजी फॉन्टमधे होतं, युनिकोड आलं आणि आज ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. नंतर एका फुकट होस्टिंगवर टाकलेल्या कविता साइटसकट गेल्या (त्यांचं फार दुःख नाही). जिओसिटीज २००९ ला बंद, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. स्लो असो की फास्ट, जागा दुसऱ्याची तर आपण भाडेकरू. टेक्स्ट फाइल स्वतःकडे ठेवा, मग बोंबला कुठेही.
कृष्णाकाठ, मामांना हाताशी धरून त्या परत लिहून घ्या, मी टाइप करून देते, 'ण'सकट.

बादवे, ओटीवरचे, एक विचारू? ते जवारीवाले गृहस्थ तुमच्या ब्लॉगवर आले कसे? आरएसएस लावून बसले होते का?

ओटीवरचा
नाही.
त्यांच्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर पाठवला होता. पुतण्याला कुठल्या ग्रुपवर मिळाला ते मी विचारलं नाही, भीती वाटली.

खवचट खार
=))

ओटीवरचा
हसा. पण मेल लिहायला ते त्या ग्रुपवर थांबले नाहीत, लेख पूर्ण वाचून खालचा पत्ता शोधून लिहिली, एवढं तरी द्या मला. वाक्य दुरुस्त केलंय, खाली तारखेसह 'चूक होती' असं लिहून.

लोणचंवाली
लिंक द्या इकडे, स्टेटसला लावते. माझ्याकडे साडेतीनशे कॉन्टॅक्ट आहेत, सगळे खवय्ये. आणि कैऱ्या संपत आल्यात, कोणाला तक्कू हवा असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा. रेट वर लिहिलेला नाही, यावेळी खरंच विचारा.